खातरजमा

झुगदिदीतल्या हेझलनटच्या गोदामातून
लामाराच्या नावाने भलत्याच कुणी बिल धाडलं.
तोरिनोच्या एत्तोरेने पैसे भरलेसुद्धा.

तेव्हापासून रात्री ती डोमेनच्या नोंदी उघडून बसते:
माझ्या नावाने बोलायची मुभा कुणाला,
सही कुठल्या किल्लीची,
बाकीचे दारातूनच परत.

सकाळी पहिला परत आला बोंदो, सख्खा दीर.
वजनकाट्याचा संगणक यादीत घालायचा राहिला होता.
दिवसभर तो बोलला नाही.

मग चुकल्यामाकल्या पत्त्यांसाठी एक पेटी.
लमारा, लामरा, लामारो,
कसंही लिहा, इथे पडेल.

पडलं ते एत्तोरेचं, नाव चुकलेलंच:
"तूच ना? मग सांग,
मागच्या वर्षी पोत्यात काय निघालं?"

"लोकरीचा हातमोजा. डावा.
उजवा अजून माझ्याकडे आहे."