पान चौदा, तिसरी चौकट

जुबैलच्या कॅम्पात, सी ब्लॉक, खोली एकशे नऊ.
शुक्रवारी जुम्म्याहून लतीफ हुर्झुक परतला
की जेवणाआधी त्याची बॅग उघडायची.
वर सुकट, मध्ये कोकम,
आणि तळाशी, तीन पिशव्यांत गुंडाळलेले
तडितवीरचे अंक.
किंमत दोन रुपये. वास सोड्यांचा.

त्या दिवशी सुरुवात तुस्कानोने केली.
"राग मानू नका," म्हणाला
(म्हणजे मानावा लागणार हे आलंच),
"पण मला तडितवीर कधी आवडलाच नाही.
चाळिसाव्या मजल्यावर ना हार्नेस, ना हेल्मेट,
वर तो झगा, कुठेही अडकेल असा.
सेफ्टीवाला म्हणून सांगतो,
पहिल्याच अंकात गेट पास काढून घेतला असता."

आम्ही हसलो.
तुस्कानो हसला नव्हता.

मग हणमंत आवटीला कंठ फुटला.
सतरा वर्षं परांच्या बांधतोय, बोलतो वर्षातून दोनदा.
"पडता पूल हातावर धरतो, बरं.
पुढच्या पानावर उडून जातो की!
मग टेकू कुणी लावले रातभर?
एक चौकट दाखवा मला. एक."

विषय धूसरावर गेला. सगळ्यांची लाडकी,
बोट हलवलं की नाहीशी होणारी.
"ह्यात कसली शक्ती?" दारातून आवाज आला.
"डांगरी घालून मॉलात जाऊन या एकदा."
मेसमधला गजबा. रिकामे कप उचलून गेला.
तो कधीपासून तिथं उभा होता,
कुणालाच सांगता येईना.

इथं मी गप्प बसायला हवं होतं.

"डॉक्टर क्षार बरोबर होता," मी म्हणालो.

एसीचं पाणी बादलीत पडत होतं, तेवढाच आवाज.

"समुद्रातलं मीठ काढीन म्हणतो,
एवढ्यासाठी त्याला ज्वालामुखीत लोटतात.
मी रोज तेच करतो. बारा तासांची पाळी,
ओव्हरटाइम वेगळा.
लतीफ, सकाळी तोंड धुतलंस ते पाणी कुठलं?
फरक इतकाच, तो गडगडाटी हसतो,
आणि कंट्रोल रूममध्ये हसण्यासारखं काही नसतं."

मला तेव्हा माहीत नव्हतं,
हे अंक त्याचा बाप घ्यायचा,
कुवेतहून सुट्टीवर आला की,
दापोलीच्या एसटी स्टँडवर, मिळतील तेवढे एकदम.
दोन वर्षांनी एकदा.
म्हणून अकरा ते एकोणीस नाहीतच त्याच्याकडे.

"तो खलनायक आहे," हुर्झुक म्हणाला.
"तसं छापलंय."
आणि बॅगेची चेन ओढली.

अकरा दिवस बोलला नाही.
बसमध्ये मागची सीट धरली.
जेवताना मी मीठ मागितलं,
तर बरणी तुस्कानोच्या हातून आली.

बाराव्या रात्री पाळी संपवून आलो,
तर उशीवर अंक चोवीस,
आत एक्स्चेंजची जुनी पावती,
तिच्या पाठीवर पेन्सिलीनं:
पान चौदा, तिसरी चौकट. सावली बघ.

मोबाइलच्या उजेडात बघितलं.
तडितवीर गच्च्यांवरून उडतोय.
सूर्य डावीकडे.
सावलीही डावीकडेच.
आणि डोळे ताणले, तर
सावलीला झगा नाही.

चित्रकार घाईत असेल.
पैसे थकले असतील त्याचे.
किंवा गच्चीवर दुसरंच कुणी असेल,
चौकटीत न मावलेलं,
कपडे वाळत घालणारं.

पलीकडच्या खाटेवर हुर्झुक घोरत होता,
जरा जास्तच नीटनेटका.

"चूक आहे," मी मोठ्यानं म्हणालो.
"चित्रकाराची."

घोरणं थांबलं.

"इथंच तुझं चुकतं," अंधार म्हणाला,
आणि खाट करकरली,
उठून बसणाऱ्या माणसाची.