तडा

वॉटरबरीच्या बटणांच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी प्रेस चालवली.
पितळेवर ठसा पडला की
पायाच्या तळव्याला आधी कळतं, कानाला मागाहून.
पण पोलाद तडकायला लागलं
तर ते लगेच सांगत नाही कुणाला.
हजारभर बटणं तशीच निघून जातात
कोटांवर, गणवेशांवर,
शवपेटीतल्या सदऱ्यांवर,
केसाएवढी रेघ घेऊन.

म्हणूनच असेल, मला हे तांबं समजतं.
सतराशे सत्त्याऐंशी, कनेक्टिकट.
चिलखत घातलेला, डावीकडे पाहणारा एक चेहरा,
आता कुणाचाच नाही.
राजाला घालवलं, पण राजा कोरायची
हाताची सवय गेली नव्हती.
मागच्या बाजूला फांदी धरून बसलेली बाई.
आणि अक्षरं:
'आर' हवा तिथे 'पी'.
पाय मोडलेलं अक्षर दिलं ठोकून कुणीतरी
दिवस मावळायच्या आत.
त्या मोडक्या पायासाठी
मी एकदा गाडी विकली.

मर्सर लूमिसकडेही तेच होतं.
तीच जोडी, तेच दोन ठसे.
दर मार्चमध्ये चर्चच्या तळघरात
कॉफीचे पेले बाजूला सारून
दोन्ही भिंगाखाली घ्यायचो.
माझ्यात तडा नाकापासून निघतो, ओठावर थांबतो.
त्याच्यात हनुवटी ओलांडून थेट काठापर्यंत.
"झिजलंय तुझं," मी म्हणायचो, "कळकट झालंय.
चाळीस डॉलर. तेही मैत्रीखातर."
तो हसायचा,
कागदाच्या पुडीत घालून खिशात टाकायचा.
बावीस मार्च.

काल वर्ना आली, त्याची बायको.
बुटांवरचं बर्फ दारात झटकलं, बसली नाही.
बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला.
"खरं सांग, याचे किती येतील?
छप्पर गळतंय."

मी भिंग घेतलं. गरज नव्हती.
पुडीवर त्याचं बारीक, तिरकं अक्षर:
'ॲल्डनचं आधीचं.
माझं बहुधा शेवटचं.
त्याला माहीत आहे.'

सतराशे सत्त्याऐंशीतल्या कुठल्याशा दुपारी
एका माणसाने माझं नाणं पाडलं,
मग बाकीची, मग मर्सरचं,
मग तो आवाज झाला असेल
(मला ठाऊक आहे तो आवाज)
आणि त्याने ठसा भंगारात फेकून
हात पुसले असतील.

मी आकडा सांगितला.
वर्ना खुर्चीत बसली.
पुन्हा सांगायला लावला.
"चाळीस म्हणायचास ना तू?"

"हो," मी म्हटलं.

बाहेर रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक गेला.
टेबल हाललं, डब्यातली नाणी
एकमेकांवर जराशी वाजली.
बद्दच वाजतं जुनं तांबं,
खरं असलं तरी.