पाच गुणांचा प्रश्न

शारीरिक शिक्षणाचा पेपर, नववी ब.
प्रश्न चौथा : खालील कौशल्यांचे वर्गीकरण करा.
वर्षभर फळ्यावर मी हाच तक्ता काढत आले,
डावीकडे बंदिस्त, उजवीकडे खुली,
मध्ये एक रेघ.

गोळाफेक बंदिस्त. कारण वर्तुळ हलत नाही,
गोळा आपणहून जड होत नाही,
कधी फेकायचा ते फेकणाराच ठरवतो.
कबड्डीतली चढाई खुली. कारण समोर सात जण,
आणि सातांच्या मनात काय आहे
ते पाय टेकल्याशिवाय कळत नाही.
एवढं लिहिलं की पाचपैकी पाच.

प्राची जुगीने एवढं लिहिलंय,
तिरक्या अक्षरात, पण बरोबर.
आणि खाली, कुणी विचारलं नसताना,
'पाग फेकणे', बंदिस्तच्या रकान्यात.
मग ते खोडून खुल्यात.
मग तिथूनही एक बाण परत निघालेला,
रेघेपर्यंत येऊन थांबलेला.
टोकाशी शाई फुटलीय.

लाल पेन उघडून मी किती वेळ बसले.
चूक म्हणावं तर पुस्तकात पाग नाहीच.
बरोबर म्हणावं तर कुठल्या बाजूला?

रविवारी कालावलच्या खाडीवर गेले, ओहोटीला.
गुडघाभर पाण्यात तिचा बाप,
दोरी मनगटाला, पागाची कड दातात,
उरलेला पाग कोपरावर घडी घालून.
आधी कंबर, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी.
हे मला ओळखीचं होतं.
चौऱ्याण्णव साली ओरोसच्या मैदानावर
मी थाळी फेकली होती.
तीच गिरकी, तोच अर्ध्या श्वासाचा थांबा.

फक्त ह्या माणसाचा थांबा संपेना.
तो बघत होता पाण्याच्या कातडीकडे,
जिथे बोयींचा थवा एक सुरकुती पाडतो.
मला ती वाऱ्याची वाटली.
सुरकुती सरकली. तोही दोन पावलं सरकला,
तळवे चिखलातून न उचलता.
पुन्हा उभा.
आणि मी खोकले तेवढ्यात पाग उघडला होता,
गोल, पुरता गोल,
पत्र्यावर सुपाऱ्या सांडाव्यात तशी
शिशं वाजली पाण्यावर.

मी म्हटलं, मला देता?
त्याने दिला. बाईमाणूस, मास्तरीण, नाही कसं म्हणणार.
गिरकी माझी अजून शाबूत आहे, उजवा गुडघा सोडला तर.
पाग पडला पिळलेल्या चादरीसारखा,
एका जागी, गाठोडं होऊन.
प्राची हसली, मग तोंडावर हात.
"बाई, तुमी आदीच ठरवतास.
पाण्याक इचारूक व्हया."

तिचा बाप पाग झटकत म्हणाला,
हिलाही वर्षभर वाळूतच फेकायला लावलाय.
सुरूच्या झाडाखाली एक चप्पल ठेवायची,
तिच्यावर गोल पडला पाहिजे, रोज शंभरदा.
चप्पल पळत नाही.
गोल पडायला लागला की मग पाण्यात.
मग चप्पल विसरायची.

हे तर माझ्या पुस्तकात आहे, प्रकरण सातवं,
मी ते दरवर्षी घाईत उरकते
कारण तोवर स्नेहसंमेलन आलेलं असतं.

परत येताना पायांचा चिखल वाळून तडकला होता.
उत्तरपत्रिकेवर पाच गुण दिले. सहा देता येत नाहीत.
बाणाला काही केलं नाही, तसाच ठेवला.

सोमवारी तक्ता पुन्हा काढला,
आणि मधली रेघ ओल्या तळव्याने पुसली.
तिथे पांढुरका पट्टा राहिला,
भरतीचं पाणी मागे गेल्यावर राहतो तसा.
शेवटच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
"बाई, थाळीफेक मग खंय?"

खडू हातात तसाच.
मला ओरोसचं मैदान आठवलं,
डावीकडून सुटलेला दुपारचा वारा,
झेंडे सगळे एका दिशेला ताणलेले.
मी झेंड्यांकडे बघितलंच नव्हतं.
एकतीस मीटर. दुसरा नंबर.