पोचलो

दुसऱ्या गेटापाशी फाटक पडलेलं.
रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, मी डबे मोजले.
सोळा. मोजायचं काहीच कारण नव्हतं.

पलीकडे टाकीची बाग.
आता तिला तिकीट आहे, पाच रुपये,
साठीच्या वर माफ.
खिडकीतल्या पोरीनं माझ्याकडे एकदा पाहिलं
आणि वय विचारलंच नाही.

टाकी पाडली म्हणे.
सिमेंटचा हत्ती आहे अजून,
निळा रंग दिलाय, बसस्टँडच्या भिंतीला देतात तसला,
आणि सोंडेवर कुणी चढू नये म्हणून
पायऱ्यांशी तार.
या सोंडेनं माझे चार परकर फाडले.
आई टाके घालता घालता म्हणायची,
जा, हत्तीलाच विचार, नवा देतो का.

हत्तीच्या पोटात पोकळी होती.
तिथं मी लपायचो.
होय, लपायचो.
आमच्या बेळगावात पोरी अशाच बोलायच्या,
मी जातो, मी खातो, मी नाही येत जा.
लग्न होऊन नाशिकला गेले
तेव्हा दारातच म्हणाले, 'आलो',
आणि तिन्ही जावा तोंडाला पदर लावून आत पळाल्या.
मग एका महिन्यात शिकले.
आले, गेले, जेवले, झोपले.
पन्नास वर्षं एकदाही चुकले नाही.

राज्य नेहमी नीलव्वावर.
राखणदार गुरुसिद्धाप्पाची लेक,
माझ्याहून दोन दातांनी लहान.
झाडाला कपाळ टेकून मोजायची,
वंद, यरड, मूर, नाक...
आणि 'नाक' आलं की आम्ही सगळ्या
जिथं असू तिथं आपापलं नाक धरायचो,
हसू फुटायचं, सापडायचो.
ती बिचारी नुसतं चार म्हणत असायची.

दिवे लागले की तिच्या बापाची शिट्टी.
होगरी, होगरी मनीगे.
आठ वर्षांच्या पोरींना तो अहोजाहो करायचा.
पुढं फार कुणी केलं नाही.

हत्तीच्या पोटात आता हात घातला
तर खांद्यापर्यंतच गेला.
आत गार होतं,
आणि एक रिकामी चुरमुऱ्याची पुडी.

गुडघा बोलायला लागला, बाकावर बसले.
तेवढ्यात मागे खसफस,
लाल मातीनं माखलेलं एक पोरगं
बाकाआड उकिडवं बसलं,
ओठांवर बोट ठेवून म्हणालं,
अज्जी, हेळब्याडरी.
कानडी केव्हाच विसरले होते मी.
पण हे कळलं.
शाल सैल केली, बाकाच्या पाठीवरून खाली सोडली.

तिकडे सिल्व्हर ओकाला टेकून
चष्म्यातली एक मुलगी मोजत होती,
वन, टू, थ्री, फोर...
आणि माझा हात नाकाकडे गेला.
पोरगं बघतच राहिलं.
मग त्यानंही धरलं.

फोन वाजला. नाशिकहून, श्रीरंग.
'आई, पोचलीस का?'
'पोचलो.'
पलीकडे जरा वेळ काही नाही.
'काय म्हणालीस?'

ती मुलगी हत्तीला वळसा घालून
आमच्याच बाजूला येत होती.

'हळू बोल रे,' मी म्हणाले,
'सापडू आम्ही.'