दोन मात्रा

चाळीस पुस्तकं, पत्र्याची एक पेटी
आणि सोबतचं परिपत्रक:
पुस्तके फाटणार नाहीत याची दक्षता घ्यावी.
म्हणून आधीच्या बाईंनी कुलूपच लावलं होतं.
किल्ली मला खडूच्या डब्यात सापडली,
गंगावेशीजवळच्या ह्या शाळेत बदलून आले
त्याच्या नवव्या दिवशी.

तिसरीचा वर्ग, पट एकोणतीस.
अलफिया बागवान घडाघडा वाचते,
फळांच्या खोक्यांवरचं वाचून शिकली म्हणते.
शेवटच्या बाकावर धैर्यशील गवळी.
हजेरीतलं सगळ्यात भारदस्त नाव,
आणि तो ते लिहितो: धरशल.
पहाटे चारला उठून धारांना हात लावतो,
पहिल्या तासाला शर्टाला वैरणीचा वास, डोळ्यांत झोप.
बाराखडी दोन वर्षं त्याच्यासमोर बसून होती
परक्या पाहुण्यासारखी,
चहासुद्धा न घेता.

मी म्हशीचं पुस्तक उघडलं, चित्र वर्गाकडे धरून वाचलं:
म्हैस डबक्यात बसली. म्हैस उठेना.
मागून आवाज आला, त्याचा ह्या वर्षातला पहिला:
"बाई, ही म्हस न्हाई."
का रे?
"शिंगं बघा की, बोकडावानी.
आमच्या मैनाची पार खांद्यापातूर जात्यात.
ज्यानं काढलंय त्यानं म्हस बघितलीच न्हाई."

वर्ग हसला. मी नाही.
छापलेलंही चुकतं, हे कळायला मला
डी.एड. झाल्यावर अकरा वर्षं लागली होती.

म्हटलं, मग तू काढ.
काढली. कानाला बिल्ला, सड मोजून चार,
आणि शिंगं कागद सोडून बाकावर गेलेली.
खाली तिचं काहीतरी लिही की.
जीभ दातांत धरून, एकेक रेघ ओढत
त्यानं लिहिलं: म्हस.

लाल पेन माझ्या हातात होतं.
शुद्ध शब्द म्हैस.
पण गोठ्यात, कट्ट्यावर, सगळे म्हस म्हणतात
आणि ती मान वळवून बघते.
शुद्धलेखनाला वळली असती का, ठाऊक नाही.
मी टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

तोवर त्यालाच दिसलं.
पुस्तकातल्या शब्दावर बोट टेकून म्हणाला,
"बाई, हितं अक्षराच्या डोक्यावर दोन हाईत."
काय दोन?
"शिंगं. आणि बराब्बर मागं गेल्यात.
चित्र चुकलंय, पण लिवलंय त्यानं खरं."

मग महिनाभर वर्गात शिंगांची शोधाशोध.
बैल, पैसा, कैरी, मैदान.
अलफियानं एस.टी.च्या पाटीवरून वैभववाडी आणलं.
वेसण, शेण, पेंड: ह्यांचं एक शिंग मोडलंय म्हणे.
पेटीतली पुस्तकं हातोहात फिरली,
म्हशीचं तर शिवणीतून सुटलं.
डिंक लावला. परत सुटलं.

दूध कट्ट्यावर त्याचे वडील भेटले,
गुडघ्यात चरवी, धार चालू.
"गोष्टीनं काय हुतंय बाई, पाढे म्हणून घ्या."
पाढेही घेते म्हटलं, अर्धा लिटर द्या.
फेस बसायची वाट बघत दोघं गप्प उभे राहिलो.

दिवाळी पाडव्याला म्हशी सजून रस्त्यावर आल्या,
मोरपिसं, कवड्या, घुंगरांच्या माळा,
पुढं सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली.
गर्दीत मला मैना ओळखू आली, कारण
तिच्या कुशीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: मैना.
मै वरच्या दोन मात्रा
पोटापासून निघून पार पाठीच्या कण्यावर चढलेल्या.

आणि खाली, बारीक, चित्रकारानं करावी तशी सही:
धैयशील.

स्वतःच्या डोक्यावरची शिंगं सापडली होती त्याला.
रफार राहिला.
राहू दे. पेटीत तळाला
तुरेवाल्या कोंबड्याचं एक पुस्तक आहे,
सुट्टीनंतर ते काढीन.
तुरा बरोबर काढलाय का,
ते मात्र अलफियाला विचारावं लागेल,
त्यांच्याकडे कोंबड्या आहेत.