एक क्रेडिट

डलूथच्या कॉलेजात ज्युदोचं एक क्रेडिट.
पहिले पाच आठवडे नुसतं पडायचं.
मागे पडा, डावीकडे पडा,
पडल्या पडल्या हाताने गादी बडवा,
फटाक.

पडलो तरी नाक वर, ते इथे चालत नाही.
हनुवटी छातीला! हाल्वर्सन सर ओरडतात,
डोकं मागे टाकणारा पुन्हा रांगेच्या शेवटी.

आमच्यात ओलिटा ब्रॅनव्होल्ड, वय एकसष्ट.
वृद्धाश्रमातली रात्रपाळी आटोपून येते,
पांढऱ्या पट्ट्याची गाठ अजून जमत नाही.
मी एकोणीसचा, तिचा जोडीदार.
पाडण्याआधी दर वेळी माफी मागायचो.
ती म्हणाली, "पोरा,
पडलेली माणसं मी रोज उचलते.
तू आपला पाड."

नोव्हेंबरात पार्किंगमध्ये काळा बर्फ, दिसत नाही तो.
चाव्या एकीकडे, डबा एकीकडे,
फटाक.
मी धावलो तिच्याकडे
आणि अर्ध्या वाटेत माझंही.

उताणे दोघं, हनुवट्या छातीला.
वर सरोवराकडून आलेलं राखी आभाळ,
कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न.
ती हसत होती की कण्हत, कळेना.

"डावा हात," ती म्हणाली,
"उशिरा आपटलास."