लेखाशीर्ष

टँकर एकच. नंबराच्या शेवटी सत्तेचाळीस.
पाटोवरच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर,
माझ्या टेबलावर त्याच्या पावत्या मात्र दोन रंगांच्या येतात.

पांढरी : खाणरस्त्यावर धूळ दाबण्यासाठी पाणी.
ती खाणीच्या खर्चात. परवान्याची अटच आहे तशी.
पिवळी : मौजे व्हाळशें, पिण्याचे पाणी, दुपारी दोननंतर.
ती ‘सामाजिक दायित्व’ या शीर्षाखाली,
जिथे नफ्याचे दोन टक्के
मार्चअखेर संपावे लागतात
आणि फेब्रुवारी लागला की कामतबाब
दिवसातून तीनदा काचेवर टकटक करतात,
"किती राहिले गो?"

अकरा वर्षं मी आकडे जुळवते.
खोटं कशाला सांगू, बरं वाटतं जुळला की,
ओल्या केसांतली गाठ सुटावी तसं.

यंदा डिझेल जुळेना.
पांढरीवर मीटरचा जो आकडा, पिवळीवर तोच.
सही एकाच पेनाची, शाई तिथेच फुटलेली.
फोन लावला. कायतान म्हणाला,
"बाय, टाकी एक. सकाळी रस्त्याला पाजतो,
उरलं तर माणसांना."
मग हॉर्न, मग एक ट्रक गेल्याचा आवाज.
"बहुतेक उरत नाही."

त्याच आठवड्यात मला व्हाळशेंला धाडलं.
वार्षिक अहवालाला हसरे चेहरे हवे होते, निदान सहा.
सांगे मागे पडलं तशी झाडं तांबडी होत गेली,
पानं, दगड, देवळाची पायरी,
दोरीवर वाळणारी शाळेची पांढरी सदरी.

शेवंती वेळीप फोटोला उभी राहिली नाही.
म्हणाली, आधी बांय बघ.
विहिरीत वाकले. माझंच डोकं दिसेल म्हणून वाकले.
दिसलं नाही काही.
तिनं कठड्यावरचा दोर हातात दिला.
आधी काथ्या, सासऱ्यानं वळलेला, आठ हात.
मग गाठ, मग निळा नायलॉन.
मग गाठ, मग म्हशीचं जुनं दावं.
मग गाठ, आणि ट्रकच्या ताडपत्रीची पिवळी दोरी,
जी कंपनीच्याच गाडीवरून पडली होती.
"खाण एक पायरी खाली गेली की
आमी एक गाठ मारतांव," ती म्हणाली,
दूधवाल्याचा हिशेब सांगावा तशी.

मी बोटांनी मोजत गेले. सवय.

परत येऊन कामतबाबांना विचारलं,
पाणी नुकसानभरपाईत का धरू नये?
ते चिडले नाहीत. ते चिडत नाहीत कधीच.
"नुकसान झालं असं कुठल्या कागदावर आहे?
नसलेल्या नुकसानाची भरपाई कशी दाखवणार?
दान दाखवता येतं."
मग चहा मागवला, दोन.

आणि हेही लिहायला हवं,
की माझ्या बीकॉमची तिन्ही वर्षांची फी
याच कंपनीनं भरली होती.
तेव्हा हा कायदा नव्हता. धर्मादाय म्हणत.
कुठल्या तरी वहीत, कुठल्या तरी मार्चमध्ये,
मीही एक पिवळी पावती होते.
बाबा तो धनादेश देव्हाऱ्यात ठेवून मगच बँकेत गेले होते.

एकतीस तारीख. बाकी सगळे घरी गेलेत.
खाली मांडवीत खनिजाचा बार्ज चाललाय,
भरलेला, पाण्याला टेकलेला.
पिवळ्या पावत्या चौऱ्याऐंशी. त्यांतल्या एकसष्ट
मी चढवल्या नाहीत. खणात आहेत. खणाला कुलूप नाही.

तक्त्यात शेवटचा रकाना ‘शेरा’.
अकरा वर्षं तो कोरा सोडत आले,
फार तर ‘निरंक’.
आज त्यात लिहिलं :
दोर, बावीस हात. गाठी तीन.

लेखापरीक्षक विचारतील, हे कुठलं एकक?
काचेवर टकटक होते.
"किती राहिले गो?"